तारकासमूहाचं वय त्याच्या नावात

शर्मिष्ठा या तारकासमूहाची ‘एम’ अक्षरासारखी आकृती आकाशात सहज सापडते. तिच्यातला एक ठळक तारा आपल्यापासून 54 प्रकाशवर्षांवर आहे, तर मधला साधारण 550 प्रकाशवर्षांवर. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आपण जिथून पाहतो तिथून ते शेजारी दिसतात, एवढंच. म्हणूनच तारकासमूहांमध्ये ताऱ्यांपेक्षा पाहणाऱ्या माणसांचा इतिहास जास्त सापडतो, आणि तो नावांतून वाचता येतो.

सिंह, वृषभ, वृश्चिक ही सर्वांत जुनी पिढी. बॅबिलोनियाच्या मातीच्या पाट्यांवरही हे प्राणी आहेत. दुसऱ्या शतकात टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञाने 48 तारकासमूहांची यादी केली, पण दक्षिण ध्रुवाभोवतीचं आकाश तीत कोरंच राहिलं. उत्तरेकडच्या लोकांना ते तारे क्षितिजावर येताना कधी दिसलेच नव्हते. 1595 ते 1597 च्या सफरीत डच खलाशांनी त्यांची मोजणी केली, आणि मोर, टूकान, उडता मासा अशी नावं नकाशावर आली. पुढे 1751-52 मध्ये लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून वेध घेतले आणि उरलेल्या फटींत दुर्बीण, सूक्ष्मदर्शी, लंबकाचं घड्याळ, हवेचा पंप बसवले. ठळक तारे आधीच वाटले गेले होते, त्यामुळे ही उपकरणं फार फिकट आहेत. सूक्ष्मदर्शीतला सर्वांत तेजस्वी ताराही 4.7 प्रतीचा आहे (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा फिकट). शहराच्या उजेडात तो शोधत बसू नये.

आज तारकासमूह म्हणजे चित्र नव्हे, सीमा आखलेला आकाशाचा तुकडा. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने 1922 मध्ये 88 नावं ठरवली. बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ देल्पोर्त याने आखलेल्या सीमा 1930 मध्ये प्रसिद्ध झाल्या.

सगळ्यांत बोलका पुरावा मात्र टॉलेमीच्या यादीतल्या नौका या अवाढव्य तारकासमूहाचा. लाकायने तिचे तळ, पिछाडी आणि शीड असे तीन भाग केले, पण ताऱ्यांना ओळखीसाठी देतात ती ग्रीक अक्षरं संपूर्ण नौकेला एकदाच लावली. आल्फा, म्हणजे आपला अगस्त्य, तळाच्या वाट्याला गेला, बीटाही तिथेच. म्हणून नकाशात शिडाची अक्षरं गॅमापासून सुरू होतात आणि पिछाडीची झीटापासून. नवख्याला वाटतं, छपाईत तारे गळाले. गळालेलं काहीच नाही, ती मोडलेल्या जहाजाची खूण आहे.