बोलाचीच कढी आणि कबुतराचे दाणे

'उद्यापासून नक्की' म्हणणारा थापा मारतो, असं आपण धरून चालतो. बहुतेकदा तो म्हणतो ते त्या क्षणी मनापासूनच असतं. घोळ होतो तो हिशेबात.

हॉवर्ड रॅकलिन आणि लिओनार्ड ग्रीन यांनी 1972 साली भुकेल्या कबुतरांसमोर दोन बटणं ठेवली. एकावर चोच मारली की लगेच 2 सेकंद दाणे, दुसऱ्यावर 4 सेकंद थांबून 4 सेकंद दाणे. कबुतरं हटकून पहिलं दाबत. मग त्यांना काही सेकंद आधीच निवडायला लावलं. एक बटण दाबलं तर पुढे दोन्ही पर्याय खुले, दुसरं दाबलं तर लगेचचा पर्याय बंद. हे अंतर 10-15 सेकंदांवर गेलं तशी कबुतरं स्वतःच मोहाची वाट बंद करू लागली. आता कबुतराला ढोंगी कोण म्हणेल?

हा बदलता हिशेब मांडणारं सूत्र असं: वाटणारी किंमत = मोबदला ÷ (1 + क × विलंब); इथे विलंब दिवसांत मोजू. क म्हणजे उतावीळपणा. तो 1 धरू. पहाटेच्या साखरझोपेला 50 गुण आणि व्यायामाच्या फायद्याला 100, पण तो 2 दिवस उशिरा मिळणार. 10 दिवस आधी झोप 50÷11 म्हणजे 4.5, व्यायाम 100÷13 म्हणजे 7.7. निर्धार पक्का! गजर वाजला की झोप 50, व्यायाम 33. किंमत चक्रवाढीने, रोज समजा 20 टक्के, घटत असती तर कितीही आधी पाहा, व्यायाम आणि झोपेचं प्रमाण 64 ला 50 असंच राहिलं असतं. सूत्रातला वक्र मात्र अगदी जवळ आल्यावर एकदम उसळतो, आणि झोपेच्या व व्यायामाच्या किमतीच्या दोन रेघा एकमेकींना छेदतात.

म्हणून उपाय गजराआधीच करायचा, आणि तो ऐनवेळी मोडता येऊ नये. स्नूझचं बटण हाताशी असेल तर गजर लावणं म्हणजे पुन्हा बोलणंच. '21 दिवसांत सवय' विकणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. लंडनमधल्या एका अभ्यासात कुणाला 18 दिवस लागले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला.

2002 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका प्रयोगात 248 विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा 20 मिनिटं व्यायाम करायचा होता. काहीच न सांगितलेल्या गटात 38 टक्क्यांनी केला. हृदयविकाराची माहिती वाचलेल्यांचा इरादा वाढला, व्यायाम मात्र 35 टक्केच. त्याच माहितीसोबत वार, वेळ आणि जागा लिहून ठेवणाऱ्यांपैकी 91 टक्क्यांनी केला. अर्थात, केला की नाही हे विद्यार्थ्यांनीच सांगितलं होतं.