संमतीपत्रात ‘निनावी’ लिहिण्याआधी

माझ्या टेबलावर येणाऱ्या मराठी संमतीपत्रांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘आपण दिलेली सर्व माहिती गोपनीय व निनावी ठेवण्यात येईल.’ त्याच पानावर खाली नाव, गाव, मोबाइल नंबर आणि सही किंवा अंगठा यांच्या रिकाम्या जागा असतात. मी ‘निनावी’वर रेघ मारते. मग अभ्यास करणारे प्राध्यापक किंवा पीएचडीचा विद्यार्थी विचारतो, ‘मॅडम, दोन्हीचा अर्थ एकच ना? जरा जोर यावा म्हणून दोन शब्द घातलेत.’

विद्यापीठाच्या आरोग्य धोरण केंद्रात संशोधनाचा समन्वय बघताना हे इतक्या वेळा समजावून झालं आहे, की आता एकदाच नीट लिहून ठेवते. दोन्हींचा अर्थ एक नाही. जोर यावा म्हणून घातलेला तो शब्द पाड्यावरच्या एखाद्या बाईला दिलेलं खोटं वचन ठरतो.

‘गोपनीय’ सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. सरकारी नोकरीतला गोपनीय अहवाल आठवा. त्यावर कर्मचाऱ्याचं नाव अगदी वरच असतं, फक्त तो ठरावीक हातांतूनच जातो. जनगणनेतही घरातल्या प्रत्येकाचं नाव विचारतात. १९४८च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की त्या नोंदी कुणाला पाहायला मिळणार नाहीत. म्हणजे तुम्ही कोण हे आम्हाला माहीत आहे आणि ते आम्ही बाहेर सांगणार नाही. कुलूपबंद कपाट, पासवर्ड, फाइल कोणी उघडायची याची यादी, किती वर्षं ठेवायची, हे सगळं या शब्दाच्या पोटात येतं आणि बहुतेक केंद्रं ते बऱ्यापैकी सांभाळतात.

‘निनावी’साठी निनावी पत्र आठवा. पाकीट फोडणाऱ्यालाही ते कोणी लिहिलं हे कळत नाही. संशोधनातही अर्थ तोच आहे: उत्तर कोणाचं आहे हे आम्हालाच माहीत नाही, आणि उद्या शोधायचं ठरवलं तरी सापडणार नाही. गोपनीयता आमच्या वागण्यावर अवलंबून असते. निनावीपणाचं तसं नाही. ती त्या माहितीची अवस्था आहे, आमची नियत कितीही चांगली असली तरी तिच्यात फरक पडत नाही.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. पाय घसरतो तो पुढे. ‘आम्ही नावाचा कॉलम काढून टाकलाय, प्रत्येकीला एक नंबर दिलाय. म्हणजे आता माहिती निनावीच झाली ना?’

नाही झाली. तिला मी सांकेतिक माहिती म्हणते. नावाच्या जागी नंबर बसला आहे, पण कुठला नंबर कुणाचा हे सांगणारी यादी कुठेतरी जिवंत आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत हा फरक स्पष्ट केलेला आहे. मुळातच ओळख न घेतलेली माहिती वेगळी, संकेतांकाने झाकलेली पण धागा शिल्लक असलेली वेगळी, आणि तो धागा कायमचा तोडलेली वेगळी. अभ्यासाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीच्या अर्जात यातली कुठली ते लिहायचं असतं. लोक सर्रास पहिली लिहितात आणि त्यांच्याकडे असते दुसरी.

हे समजावताना मला सगळ्यांत उपयोगी पडतात ते गर्भपात कायद्याखालचे २००३चे विनियम. त्यांनुसार बाईचं नाव फक्त अॅडमिशन रजिस्टरमध्ये लिहायचं. केसपेपर, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, फॉलो-अप कार्ड अशा बाकी कुठल्याही कागदावर नाव येता कामा नये, तिथे अॅडमिशन रजिस्टरमधला अनुक्रमांकच घालायचा. रजिस्टर गुप्त ठेवायचं आणि शेवटच्या नोंदीपासून पाच वर्षं झाली की नष्ट करायचं. आता केसपेपर हातात घ्या. त्यावर नाव नाही, तरी रजिस्टर आहे तोवर तो कागद त्या बाईपर्यंत पोहोचवू शकतो. ज्यांनी हे विनियम लिहिले त्यांनी तो कागद निनावी मानला नाही, म्हणून तर रजिस्टरवर इतकी बंधनं घातली. कुठला नंबर कुणाचा हे सांगणारी आपली ‘मास्टर लिस्ट’ हे आपलं अॅडमिशन रजिस्टर आहे. ती लॅपटॉपवर, मुख्य डेटाच्याच फोल्डरमध्ये, ‘फायनल टू’ नावाने पडलेली दिसली की माझा जीव वरखाली होतो.

माझी कसोटी सोपी आहे. बाईंनी उद्या फोन करून सांगितलं, ‘माझी माहिती काढून टाका,’ तर काढता येईल का? येत असेल तर माहिती निनावी नाही. जवळजवळ प्रत्येक संमतीपत्रात ‘आपण केव्हाही माघार घेऊ शकता, आपली माहिती वगळण्यात येईल’ असं वाक्य असतं, आणि दोन ओळी वर ‘निनावी’ असतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. कोणाची माहिती कुठली हे माहीतच नसेल तर वगळणार काय? अशा फॉर्मवर मी तरी पुढची सही करत नाही.

बरं, यादी जाळून टाकली, धागा तुटला. तरी काम संपत नाही, कारण उरलेले कॉलम बोलतात. अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्सचं प्रकरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. १९९०च्या दशकात तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या विमा आयोगाने दवाखान्यातल्या उपचारांची माहिती नावं-पत्ते काढून संशोधकांना दिली. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी घेतली आणि जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड हे तीन कॉलम दोन्हीकडे ताडून पाहिले. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले केंब्रिजमध्ये सहा जण होते, त्यांतले तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडात फक्त एक. गव्हर्नरांची वैद्यकीय माहिती ‘नाव नसलेल्या’ फाइलमधून बाहेर आली.

आपल्याकडे मतदारयादीचीही गरज नाही, गाव पुरेसं आहे. ‘३४ वर्षांची महिला सरपंच, दोन सिझेरियन’ एवढं लिहिलं की गावात कुणाला विचारावं लागत नाही. धोरणाच्या अभ्यासांत तर हा प्रश्न जास्तच टोकाचा होतो, कारण आपण अधिकाऱ्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेतो. राज्यात ३४ जिल्हा परिषदा आहेत आणि प्रत्येकीला जिल्हा आरोग्य अधिकारी एकच. ‘कोकणातल्या एका जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी म्हणाले’ असं लिहिलं की पाच जण उरतात. त्याला मुलाखतीचं वर्ष जोडलं आणि ‘आदिवासी तालुके असलेल्या’ हे विशेषण लावलं की मंत्रालयातला कारकूनही नाव सांगेल.

उपकेंद्राच्या पातळीवर तर विचारूच नका. निकषाप्रमाणे मैदानी भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. तिथे एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स, एक, फार तर दोन. मी दुसरीकडे काम करत असताना एका अहवालात तालुक्याच्या नावासह असं अवतरण छापलं गेलं: ‘अनेक वर्षं एकाच उपकेंद्रात असलेली एएनएम म्हणाली, औषधं मार्चनंतरच येतात.’ नाव कुठेच नव्हतं. पुढच्या मासिक बैठकीत तिला सगळ्यांसमोर उभं करून जाब विचारला गेला. त्या मुलाखतीचं संमतीपत्र मीच वाचून दाखवलं होतं, आणि त्यात ‘निनावी’ हा शब्द होता. तेव्हापासून मी या शब्दाबाबत तडजोड करत नाही. अशा मुलाखतींना गोपनीयतेचं वचन द्या, हुद्दा आणि जागा धूसर करा, आणि अवतरण छापण्याआधी ज्याचं त्याला वाचून दाखवा. त्यात वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

खरा निनावीपणा कसा दिसतो ते बघायचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा. त्याची धुरा मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यासाच्या संस्थेकडे आहे. संशोधकांना जो जीपीएस डेटा मिळतो त्यातली ठिकाणं मुद्दाम सरकवलेली असतात: घरांचे शहरी समूह २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण ५ किलोमीटरपर्यंत, आणि ग्रामीणपैकी १ टक्का तर १० किलोमीटरपर्यंत. नकाशा थोडा चुकला तरी चालेल, घर सापडता कामा नये, असा तो विचार आहे.

त्याच सर्वेक्षणात निनावीपणाची किंमतही दिसते. २००५-०६च्या तिसऱ्या फेरीत पहिल्यांदा एचआयव्हीची तपासणी झाली आणि ज्या राज्यांचा वेगळा आकडा काढायचा होता त्यांत महाराष्ट्र होता. हिमोग्लोबिनचा आकडा बाईला तिथल्या तिथे सांगता येत होता. एचआयव्हीचा निकाल मात्र कुणालाच सांगता येणार नव्हता, कारण रक्ताच्या ठिपक्यांच्या कार्डावर नाव नव्हतं, बारकोड होता, आणि ओळख पटवणारे धागे काढल्यावरच निकाल बाकी उत्तरांना जोडले जाणार होते. ज्यांना आपला निकाल हवा होता त्यांना सरकारी केंद्रात मोफत तपासणीला पाठवायचं, एवढंच हातात होतं. म्हणून निनावी म्हणजे आपोआप जास्त नैतिक, असं समजू नका. तुमच्या अभ्यासात एखाद्या गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ५ निघालं, तर तिच्या दारात परत जाता आलं पाहिजे. तिथे नाव हवंच. धोरण केंद्रांच्या बहुतेक अभ्यासांना सहा महिन्यांनी परत जायचं असतं, सुपरवायझरला सहभागींना फोन करून पडताळणी करायची असते. ते अभ्यास गोपनीयच असायला हवेत, आणि तसं सांगण्यात कमीपणा काही नाही.

बाकी छोट्या गोष्टी. गटचर्चेत निनावीपणा तर सोडाच, गोपनीयतेचंही पूर्ण वचन देता येत नाही. शेजारी बसलेल्या दहा जणींची हमी तुम्ही देऊ शकत नाही, तसं तोंडाने सांगा. सर्वेक्षणाचे फॉर्म भरायला कोबोसारखं अॅप वापरत असाल तर डिव्हाइस आयडी, वेळ आणि वापरकर्त्याचं नाव फॉर्ममध्ये आपोआप नोंदलं जातंय का ते आधी बघा. गूगल फॉर्मवर ‘निनावी सर्वेक्षण’ लिहून ईमेल गोळा करणं चालू ठेवू नका. एखाद्या टॅबलेटमध्ये रेशनकार्डाचे फोटो ‘पत्ता नीट कळावा म्हणून’ काढून ठेवलेले सापडतात. ते पाहिल्यावर मला रात्री झोप लागत नाही.

सगळ्यांत हमखास विसरलं जातं ते व्हाउचर. सहभागींना प्रवासखर्चाचे दोनशे रुपये दिले की लेखा विभागाला नाव, सही आणि तारीख लागते. ऑडिटसाठी ते बरोबरच आहे. पण फील्डवरची मुलं व्हाउचरच्या कोपऱ्यात मुलाखतीचा संकेतांक टाकतात, म्हणजे हिशोब जुळवायला सोपं. झाली दुसरी मास्टर लिस्ट तयार, आणि ती पोहोचली अशा खोलीत जिथे संशोधनाची गोपनीयता कुणाला सांगितलेलीच नाही. आमच्याकडे आता व्हाउचरला स्वतंत्र क्रमांक असतो आणि त्यावर अभ्यासाचा विषयही छापत नाही, फक्त प्रकल्पाचा संकेतांक.

‘निनावी’च्या जागी मी जे घालते ते असं: ‘आम्ही तुमचं नाव आणि फोन नंबर लिहून घेणार आहोत, कारण सहा महिन्यांनी परत यायचं आहे. तुमची उत्तरं वेगळ्या कागदावर, फक्त नंबर घालून ठेवू. कुठला नंबर कुणाचा ही यादी वेगळ्या कपाटात राहील आणि अभ्यास संपला की नष्ट करू. तोवर तुम्ही सांगितलंत तर तुमची उत्तरं काढून टाकू. अहवालात तुमचं नाव आणि गाव येणार नाही.’ लांब आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द आम्हाला पाळता येतो.

हे वाचून दाखवल्यावर एका आशाताईंनी विचारलं, ‘ती यादी कुणाजवळ असते?’ तोवर हा प्रश्न एथिक्स कमिटीतही मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, माझ्याजवळ, चावीसुद्धा. त्यांनी माझा फोन नंबर मागून घेतला आणि मग सही केली. त्यानंतरच्या प्रत्येक संमतीपत्रात आम्ही यादी कोणाच्या ताब्यात आहे ते हुद्द्यासह आणि फोन नंबरसह लिहितो.