खाडीकाठच्या नवी मुंबईची पार्श्वभूमी: बांध, उघाडी आणि होल्डिंग पाँड

जानेवारी २०२४ ला मुंबई आणि नवी मुंबई जोडणारा अटल सेतू सुरू झाला आणि उलवे, द्रोणागिरीकडच्या टॉवरच्या जाहिरातींत खाडीचा व्ह्यू हाच मोठा मुद्दा झाला. पण हा काठ राहण्यालायक कसा झाला हे फार कुणी सांगत नाही, आणि ती गोष्ट सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या, कितीतरी आधीची आहे.

इथल्या आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या खाडीच्या कडेला मातीचे बांध घालून खारजमिनीत भात काढला. बांधात उघाडी असायची, म्हणजे दार, भरतीला बंद आणि ओहोटीला उघडं, त्यामुळे पावसाचं पाणी बाहेर जायचं आणि खारं पाणी शेतात शिरायचं नाही. बांध फुटला तर शेत खारवायचं, म्हणून अख्खं गाव मिळून तो सांभाळायचं. शेजारी मिठागरं होती, कोळ्यांची मासेमारी होती, म्हणजे ही जमीन ओसाड पडलेली वगैरे अजिबात नव्हती.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकात कल्पना मांडली की मुंबई नुसती उत्तरेकडे लांबत चाललीय, ऑफिसं मात्र सगळी दक्षिण टोकाला, तर खाडीपलीकडे दुसरं शहर वसवा. मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल, उरण भागातली ९५ गावं आणि साधारण ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र ठरलं. हिशोब असा की शेतजमीन घ्यायची, विकसित करून प्लॉट विकायचे आणि त्याच पैशातून रस्ते, गटारं, पाणी करायचं. १९७३ ला वाशीचा खाडीपूल झाला. पण त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून ऑफिसांचे टॉवर उभे राहत होते, सरकारी कारभार काही पलीकडे आला नाही, आणि लोकल वाशीला पोचायला १९९२ उजाडलं. माझ्या मते मूळ प्लॅनला सगळ्यात मोठा धक्का तिथेच बसला.

आता पाण्याचं. वाशी, नेरुळचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली, सगळीकडे भराव टाकायचा तर खर्च प्रचंड, म्हणून बाहेरून बांध घातला, आत होल्डिंग पाँड, म्हणजे पाणी साठवायची तळी, ठेवले आणि तोंडाला फ्लॅप गेट, म्हणजे भरतीला आपोआप मिटणारी दारं, लावली. भरतीच्या वेळी पाऊस पडला की पाणी पाँडमध्ये साठतं, ओहोटी लागली की खाडीत निघून जातं. याला डच पद्धत म्हणतात, पण तत्त्व उघाडीचंच आहे आणि त्याचं श्रेय इथल्या शेतकऱ्यांनाही मिळायलाच पाहिजे.

त्यांना मिळालं काय तर तुटपुंजा मोबदला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात, जासईला आंदोलन पेटलं, पोलिस गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत द्यायची योजना त्या लढ्यातून आली, आज खाडीकाठच्या कित्येक बिल्डिंगी याच साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभ्या आहेत.

दरम्यान पाँड गाळाने भरत गेले, गाळात कांदळवन वाढलं. मुंबई हायकोर्टाने २००५ आणि मग २०१८ ला कांदळवनाला संरक्षण दिलं, ते हवंच होतं, पण आता पाँड उपसायचे तर कोर्टाची परवानगी लागते, आणि पाँडची साठवण कमी झाली की भरती आणि मोठा पाऊस एकत्र आल्यावर पाणी सेक्टरमध्येच तुंबतं. पनवेल-उलवे पट्ट्यात दुसराच प्रकार झाला. विमानतळासाठी भराव उंच झाला आणि डुंगीसारखं जुनं गाव खोलात गेलं, तिथे पावसाळ्यात घरांत पाणी शिरायला लागलं आणि लोकांना पुनर्वसनासाठी भांडावं लागलं.