पहिलं चुंबन आणि त्याआधीची आठ वर्षं

समलिंगी प्रेमकथांमध्ये एक प्रसंग हमखास असतो. कॉलेजातला नायक, गच्चीवर पाऊस, मित्राचा ओझरता स्पर्श, आणि त्याच क्षणी त्याला स्वतःबद्दल सगळं उमगतं. वडोदऱ्यात आम्ही काही मराठी वाचक अशा कथा एकमेकांना पाठवत असतो आणि मला त्या मनापासून आवडतात. हा क्षण मात्र पटत नाही.

रिच सॅव्हिन-विल्यम्स आणि लिसा डायमंड या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या १७ ते २५ वयाच्या १६४ तरुण-तरुणींना याबद्दल विचारलं होतं. त्यांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली ओढ साधारण आठव्या-नवव्या वर्षी जाणवल्याचं त्यांना आठवत होतं. स्वतःला गे, लेस्बियन किंवा बायसेक्शुअल म्हणायला मात्र सतरावं वर्ष उजाडलं होतं. कथालेखक नेमकी ही मधली आठ वर्षं गाळतात.

त्या वर्षांत काय चालतं? वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरातला नववीचा मुलगा घ्या. आखाड्यात मल्लखांबावर चढणाऱ्या दादाकडे तो बघत राहतो आणि मनाशी म्हणतो, आपल्यालाही असंच अंग कमवायचंय. घरी काकू चेष्टेत विचारतात, "काय रे, वर्गातली कोणी आवडते की नाही?" सगळी मुलं जिचं नाव घेतात, तिचंच नाव हाही घेतो. आपण खोटं बोलतोय असं त्याला वाटतसुद्धा नाही. मानसशास्त्रज्ञ व्हिव्हियन कॅस यांनी १९७९ मध्ये स्वतःची समलिंगी ओळख पटण्याच्या या प्रवासाचे सहा टप्पे मांडले, त्यातला पहिला गोंधळाचा. पण गोंधळ म्हणजे रात्रभर रडणं असं आपल्या कथांनी धरून ठेवलंय. बहुतेक वेळा तो असा बिनबोभाट, अभ्यास-क्रिकेटच्या धबडग्यात लपलेला असतो.

टप्प्यांचा क्रमही सगळ्यांचा सारखा नसतो. वरच्या अभ्यासात पुष्कळ मुलग्यांना शरीराचा अनुभव आधी आला, ओळख नंतर पटली. मुलींमध्ये अनेकदा उलट झालं आणि सुरुवात गाढ मैत्रीतून झाली. त्यामुळे गच्चीवरचा प्रसंग एखाद्या मुलाच्या कथेत चालून जाईल. तोच साचा दोन मैत्रिणींच्या कथेला लावला की ती लगेच उसनी वाटते. डायमंड यांनी पुढे ७९ स्त्रियांशी दहा वर्षं संपर्क ठेवला. त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश जणींनी या काळात स्वतःला लावलेलं नाव निदान एकदा तरी बदललं.

ही सगळी वयं आठवणीतून आलेली आहेत, हेही ध्यानात घ्यायला हवं. ओळख पटलेला माणूस मागे वळून बघतो तेव्हा आखाड्यातल्या त्या नजरेला नवा अर्थ येतो. उत्तम लेखक नेमकं हे मागे वळणं दाखवू शकतो. मला वाचायला आवडेल ते हेच.

आपल्याकडे या मधल्या काळात लग्नही उरकलेलं असतं. गुजरातेतल्या राजपीपळा या जुन्या संस्थानाचे राजकुमार मानवेंद्रसिंह गोहिल यांचं लग्न १९९१ मध्ये झालं आणि थोड्याच काळात मोडलं; आपण समलिंगी असल्याचं त्यांनी जाहीर केलं ते २००६ मध्ये. त्याआधी २००० मध्येच त्यांनी लक्ष्य ट्रस्ट सुरू केला होता आणि वडोदऱ्यात समलिंगी पुरुषांसाठी एचआयव्ही प्रतिबंधाचं काम उभं केलं होतं. म्हणजे काम आधी, जाहीर कबुली सहा वर्षांनी! प्रेमकथांमध्ये असा वेडावाकडा क्रम क्वचितच सापडतो. आणि लग्न झालेल्या नायकाची बायको तर तिथे नुसती अडचण म्हणून येते. तिला काय कळलं, कधी कळलं, हे सांगायला तिच्या वाट्याचं एक अख्खं प्रकरण हवं.