लेस्लीच्या पेटीत नेमकं फिरतं काय?

"सर, स्पीकर जर आत गरगर फिरत असेल, तर त्याच्या वायरींना पीळ कसा पडत नाही?"

प्रार्थनेला कीबोर्ड वाजवणाऱ्या एका तरुणाने हे विचारलं आणि मला फार आनंद झाला. ऑर्गनच्या आवाजाला हेलकावे देणाऱ्या लेस्ली स्पीकरबद्दलचा सगळ्यात पसरलेला गैरसमज त्याच्या या एका शंकेने उघडा पडतो. वायरींना पीळ पडत नाही, कारण नेहमीच्या लेस्लीत स्पीकर फिरतच नाही.

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. हा तो नव्हे. लॉरेन्स हॅमंड यांनी 1935 मध्ये अमेरिकेत विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला. त्यात दातेरी चकत्या चुंबकांसमोर फिरतात, वेटोळ्यांत वीज निर्माण होते आणि त्या विजेचा सूर होतो. हा सूर अगदी स्थिर, सरळसोट. डोनाल्ड लेस्ली यांना त्यात मोठ्या पाइप ऑर्गनचा भरलेपणा सापडेना, म्हणून 1940 च्या आसपास त्यांनी फिरत्या आवाजाची ही लाकडी पेटी बनवली. हॅमंड यांनी ती विकायला नकार दिला, तरी वाजवणाऱ्यांनी दोघांची जोडी जुळवलीच.

पेटीत आवाजाच्या दोन वाटा होतात. सुमारे 800 हर्ट्झच्या वरचे सूर वरच्या खणातल्या ड्रायव्हरकडे, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरकडे जातात, खालचे सूर 15 इंची स्पीकरकडे. दोन्ही जागेवर पक्के बसवलेले असतात. वरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर दोन भोंगे फिरतात. त्यातला एकच बोलतो, दुसरा मुका असतो आणि फक्त तोल सांभाळतो. खालचा स्पीकर जमिनीकडे तोंड करून असतो. त्याच्याखाली एक ड्रम भोंग्यांच्या उलट दिशेने फिरतो आणि ड्रमच्या आतला वाकवलेला पृष्ठभाग आवाज बाजूला फेकत राहतो.

आता डॉप्लर परिणाम, म्हणजे आवाज करणारी वस्तू जवळ येताना किंवा दूर जाताना बदलणारा सूर. शाळेत आपण आगगाडीच्या शिट्टीचं उदाहरण शिकतो आणि बहुतेकांच्या डोक्यात ते चुकीचं बसतं. गाडी जवळ येताना सूर चढत जातो, असं पुष्कळांना वाटतं. सोलापूरजवळच्या बाळे स्टेशनाच्या बाजूला रुळांपासून सुरक्षित अंतरावर उभं राहून एखादी न थांबणारी गाडी ऐका. येताना वाढत जातो तो आवाजाचा मोठेपणा. सूर मुळापेक्षा चढा असतो, पण जवळजवळ स्थिर असतो आणि इंजिन समोरून जाताना झपकन उतरतो. सूर किती बदलणार हे अंतरावर ठरत नाही. गाडी आपल्या दिशेने किती वेगाने येते किंवा दूर जाते, यावर ते ठरतं.

भोंग्याच्या बाबतीत हा वेग सतत बदलतो. बोलका भोंगा मध्यापासून साधारण 18 सेंटिमीटरवर आहे आणि मिनिटाला 400 फेरे घेतो असं धरू. म्हणजे सेकंदाला 6.7 फेरे. परीघ 1.13 मीटर, तेव्हा तोंडाचा वेग सेकंदाला साडेसात मीटर, ताशी 27 किलोमीटर. आवाजाच्या वेगाच्या तुलनेत हे जेमतेम 2.2 टक्के. 1000 हर्ट्झचा सूर आपल्याकडे येताना 1022 होतो आणि जाताना 979. अर्धा स्वर म्हणजे सुमारे 6 टक्के, त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त हे हेलकावणं, तेही सेकंदाला 6.7 वेळा. गायकाच्या गळ्यातला कंप साधारण याच चालीचा असतो, म्हणून तो आवाज आपल्याला जिवंत वाटतो.

ही झाली जलद चाल. पेटीला दुसरी, संथ चालही असते आणि तिचं गणित आणखी सुंदर आहे. मिनिटाला 40 फेऱ्यांवर सूर फक्त 2 हर्ट्झने हलतो. एवढं तर कानाला कळायलाच नको. तरी खोलीभर लाट फिरल्यासारखं वाटतं, कारण भोंगा माझ्याकडे येत असतो तेव्हाच मागच्या भिंतीपासून दूर जात असतो. भिंतीवरून परतलेला 998 आणि सरळ आलेला 1002 कानाशी एकत्र येतात आणि सेकंदाला चार ठोके पडतात. खोली बदलली की पेटी वेगळी वाजते, ती यामुळेच.

त्या तरुणाची पेटी परदेशातून आलेली, जुनी. तक्रार अशी: जलद चाल ठीक, संथ चालीवर टाकलं की भोंगे बंद. त्याआधी कुणीतरी पेटीला लिंबू-मिरची बांधून गेलं होतं, कारण रात्री झरोक्यांतून कण्हल्यासारखा आवाज यायचा. कण्हत होता कोरडा पडलेला बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी. लिंबाच्या आंबट रसाचा उपयोग झालाच तर लोखंड गंजवायला होईल.

प्रत्येक फिरत्या भागाला दोन मोटरी असतात, एकावर एक बसवलेल्या. मोठी जलद चालीची. तिची पुली पट्ट्याने भोंगे फिरवते. लहान मोटर संथ चालीची, आणि तिची युक्ती मला फार आवडते. वीज मिळाली की चुंबकीय क्षेत्र तिच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या गाभ्याला, नुसतं फिरवत नाही, तर त्याला आपल्या मध्याकडे ओढून घेतं. रोटर किंचित सरकतो आणि त्याच्या शाफ्टचं बारीक टोक मोठ्या मोटरच्या शाफ्टवरच्या रबरी चाकाला टेकतं. बारीक टोक, मोठं चाक, म्हणून वेग कितीतरी पटींनी कमी. वीज गेली की स्प्रिंग रोटरला मागे ढकलते आणि मोठी मोटर मोकळी होते. वेगळा क्लच नाही, लिव्हर नाही. गिअरपेटीचं सगळं काम काही मिलिमीटरच्या सरकण्यात होतं.

हे सरकणंच बंद पडलं होतं. एका मेकॅनिकने मोटर जळाली म्हणून रिवाइंडिंग सुचवलं होतं. पण वेटोळ्याचा रोध ठीक होता. मोटर उघडून रोटर बोटाने दाबला, तर तो काकवीत रुतल्यासारखा हलला आणि परत आलाच नाही. बुशाभोवती तपकिरी, चिकट थर होता आणि त्याला वास खोबरेलाचा. पंख्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळीकडे खोबरेल घालायची आपल्याकडची सवय वाईट आहे. ते थंडीत थिजतं आणि जुनं झालं की डिंकासारखं होतं. सगळं अल्कोहोलने धुतलं, पातळ मशीन ऑइलचे मोजून दोन थेंब सोडले. रबराला तेल लागू दिलं नाही, नाहीतर टोक नुसतं घसरलं असतं. रबरावर एका जागी खळगा होता, दर फेरीला ठक्क करणारा. तेही बदललं.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. जलद चाल मंद वाटत होती आणि कुणीतरी पट्टा आवळून ठेवला होता. सोलापुरात यंत्रमागावरचा कुठलाही जॉबर सांगेल की वेग पुलीच्या व्यासावर ठरतो. पट्टा न घसरण्याइतका ताणला की पुरे. जास्त आवळला तर बेअरिंगवर बोजा पडतो आणि मोटर आणखी दमते. खरं कारण आपल्या विजेत होतं. मोटर अमेरिकेतली, 117 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरवले, पण वारंवारता 50 च राहिली आणि या मोटरीचा वेग वारंवारतेमागे धावतो. 400 च्या जागी 333 फेरे, शिवाय त्याच व्होल्टला लोखंडातलं चुंबकत्व सुमारे 20 टक्क्यांनी वाढतं, म्हणून मोटर जास्त तापते. भोंग्यांच्या मोटरवर तीन पायऱ्यांची पुली असते. पट्टा मोठ्या पायरीवर घेतला आणि ताण नव्याने बसवला.

अँप्लिफायरला आम्ही हात लावला नाही. व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांच्या सर्किटमध्ये 400 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. ज्याला तो दाब उतरवता येतो, त्यानेच मागची फळी काढावी. अशा पेट्या विकणारे लाकडाच्या आणि व्हॉल्व्हच्या जादूबद्दल फार बोलतात. त्यावर पैसे टाकण्याआधी रबर आणि बुश बघावेत.

संध्याकाळी त्या तरुणाने एक सूर धरला आणि संथ चालीवरून जलदवर टाकलं. हलके भोंगे सेकंदाभरात पळायला लागले, जड ड्रम मात्र मागून हळूहळू वेग घेत राहिला. त्या काही सेकंदांत वरचे सूर थरथरत होते आणि खालचे अजून डुलत होते. त्याने सूर तसाच धरून ठेवला, ड्रम पुरता वेगात येईपर्यंत.