चुन्याच्या भिंतीत पिंपळ कसा शिरतो

पडक्या वाड्यांची छायाचित्रे हल्ली आवडीने पाहिली जातात आणि भिंत फोडून बाहेर आलेला पिंपळ दिसला की त्याखाली ‘निसर्गाने आपली जागा परत घेतली’ अशी ओळ हमखास असते. त्यातला ‘परत’ हा शब्द मला पटत नाही. कसबा किंवा सदाशिव पेठेतल्या भिंतीत पिंपळ उगवतो, तो त्या जागी पूर्वी पिंपळ होता म्हणून नव्हे. जुनी भिंत त्याला सह्याद्रीच्या कड्यासारखीच असते, म्हणून. भिंतीचा असा कडा व्हायला मात्र बरीच वर्षे लागतात.

पुण्यातले अनेक जुने वाडे खाली काळ्या दगडाचे, वर विटांचे असत आणि सांध्यांत चुना भरलेला असे. भिजवलेला ताजा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) १२ च्या आसपास, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे त्यात कोंब तग धरत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हा चुना बाहेरून आतल्या दिशेने कॅल्शियम कार्बोनेट होत जातो आणि सामू ८-९ पर्यंत उतरतो. मग शेवाळ येते, गोडा मसाल्यातल्या दगडफुलाच्या गोतातली शैवाके येतात आणि ओल्या सांध्यांत हंसराज नेचा दिसू लागतो.

पिंपळाचे बी मोहरीहूनही लहान असते. तांबट, बुलबुल, कोकीळ किंवा वटवाघूळ फळ खाते आणि ते बी विष्ठेतून फटीत पडते. शाळेतला प्रयोग इथे आठवावा: चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडला की ती दुधाळ होते, पण तो सोडतच राहिले तर ती पुन्हा निवळते, कारण अविद्राव्य कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट होते. हा उत्तरार्ध भिंतीतही घडतो. मुळे श्वसन करतात, त्यांनी सोडलेला वायू ओलाव्यात विरघळून सौम्य आम्ल बनते आणि सांध्यातला चुना कणाकणाने झिजतो. मुळाचे टोक पेशींतल्या पाण्याच्या दाबाने पुढे सरते. हा दाब १० वातावरणदाबांच्या घरात, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या काही पट, जाऊ शकतो. पुढे मूळ जाड होऊ लागले की विटा सरकतात.

पिंपळावर मुंजा राहतो, ही समजूत निराधार तर आहेच, शिवाय घातकही आहे. बोटभर रोप मुळासकट सहज निघते. पण भीतीपोटी ते तसेच राहते आणि पुढे भिंत पाडूनही मूळ निघत नाही.

छायाचित्र काढणाऱ्यांनी पडक्या भिंतीपासून दूर, शक्यतो रस्त्यावरून, दर वर्षी जूनच्या आधी आणि पावसाळ्यानंतर त्याच जागेवरून, त्याच कोनातून चित्र घ्यावे. पिंपळापेक्षा सांध्यांखाली उतरलेल्या पांढऱ्या ओघळांकडे लक्ष द्यावे. पाण्यात उतरलेला चुना बाहेर येऊन वाळला की बायकार्बोनेटचे पुन्हा कार्बोनेट होते. बरेचदा असे ओघळ याच चुन्याचे असतात, आणि कोणता सांधा आतून पोकळ होऊ लागला आहे ते त्यांवरून ओळखता येते.