फ्लेअर जोड

फ्लेअर जोड : तांब्याच्या नळीचे तोंड शंकूसारखे फुलवून पितळी नटाने आवळलेला जोड. घरगुती स्प्लिट एसीचे आतले आणि बाहेरचे युनिट जोडणाऱ्या दोन नळ्या साधारणपणे याच पद्धतीने बसवतात. दोन नळ्यांची चार टोके, म्हणून जोडही चार. यंत्रातले बाकीचे सांधे कारखान्यात ब्रेझिंग (वितळवलेल्या मिश्रधातूने सांधणे) करून, तपासून येतात. हे चार मात्र ग्राहकाच्या घरी, पुष्कळदा खिडकीच्या ग्रिलवर वाकून केले जातात. ‘गॅस संपला’ असे कुणी सांगितले की आधी हेच जोड तपासावेत. यंत्रणा बंदिस्त असते, गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळलेला असतो.

या जोडात रबर किंवा वॉशर नसतो. नळीचा ४५ अंशांत फुललेला मऊ तांब्याचा काठ पितळी शंकूवर दाबला जातो आणि धातूला धातू भिडून गॅस अडतो. नटाचे आटे फक्त दाब देतात. त्यामुळे नळकामाच्या सवयीने आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्यात काही अर्थ नाही. आर-३२ हा एसीत भरला जाणारा गॅस ५० अंश सेल्सिअसला द्रवरूप होताना दाब सुमारे ३० बार असतो, म्हणजे जुन्या आर-२२ गॅसच्या दीडपटीहून अधिक. त्या दाबापुढे काठावरचा केसाएवढा चराही पुरतो.

नळी करवतीने न कापता ट्यूब कटरने कापावी. कापताना कड आत वळते. ती रीमरने साफ करताना नळीचे तोंड खाली धरावे, नाहीतर तांब्याचा कीस आत पडून थेट कॉम्प्रेसरपर्यंत जातो. नट आधी नळीवर चढवायचा आणि मग तोंड फुलवायचे. हा क्रम विसरला की केलेले फ्लेअर कापून टाकावे लागते. फुललेला काठ सगळीकडे सारखा, चकचकीत आणि चिरा नसलेला हवा. त्यावर यंत्रणेत चालणाऱ्या तेलाचा थेंब लावून नटाचे पहिले काही आटे बोटांनीच फिरवावेत. नट बोटांनी फिरत नसेल तर नळी तिरकी बसली आहे. तिथे पाना लावला की आटे मेलेच. शेवटी एका पान्याने जोड धरून दुसऱ्या, टॉर्क (पिळण्याचा जोर) दाखवणाऱ्या पान्याने आवळावे : पाव इंची नळीला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्ध्या इंचीला ४९ ते ६१. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो. अंगातला जोर लावून आवळलेला नट काठ चिरतो आणि गळती पुढच्या उन्हाळ्यात कळते.

यानंतर नायट्रोजनने दाब देऊन साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतात. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरू नये. तेलाशी गाठ पडताच स्फोट होऊ शकतो.

सर्वात जास्त टाळली जाते ती व्हॅक्यूमची, म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढण्याची पायरी. नळ्यांतली हवा थंड होऊन द्रव होत नाही, उगाच दाब वाढवते. ओल तेलात मिसळून आम्ल तयार करते. म्हणून पंपाने दाब ५०० मायक्रॉनच्या खाली नेऊन, पंप बंद करून, दाबमापकाचा काटा तिथेच टिकतो का ते पाहायचे (मायक्रॉन हे इथे दाबाचे एकक; बाहेरच्या हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो). काटा चढत राहिला तर जोड गळतो आहे किंवा आत ओल आहे. घाईत अनेक जण बाहेरच्या युनिटवरचा, गॅस अडवून धरणारा व्हॉल्व्ह किंचित उघडून एसीतल्याच गॅसने हवा बाहेर ढकलतात. आर-३२ सौम्य ज्वालाग्राही आहे आणि त्याची पृथ्वीचे तापमान वाढवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट धरली जाते. त्याला खोलीत किंवा बाल्कनीत सोडणे सर्वथा चूक आहे. व्हॅक्यूम टिकल्यावरच ॲलन कीने दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडावेत. हातमोजे आणि चष्मा हवाच : द्रवरूप गॅस उणे ५२ अंशांना उकळतो, त्वचेवर पडला तर ती गोठते.

अकरा महिन्यांच्या करारावर घर बदलणाऱ्यांचा एसी वारंवार उतरतो-चढतो. उतरवताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतात, त्याला ‘पंप डाउन’ म्हणतात. त्या वेळी कॉम्प्रेसर चालू ठेवून नळी सोडली तर हवा आत शिरते, ती दाबली जाताच तेलाची वाफ पेटून कॉम्प्रेसर फुटू शकतो. म्हणून आधी कॉम्प्रेसर बंद, मग नट सैल. नव्या घरी जुने फ्लेअर पुन्हा आवळू नये. तेवढे टोक कापून नवे करावे.